पोटगीचे ३५ लाख: त्यात खरी पोटगी किती?

प्रश्न: मी ३८ वर्षांची, नोकरी करते, पगार २८ हजार. लग्नाला १२ वर्षे झाली. दीड वर्षाहून जास्त काळ मी ९ वर्षांच्या मुलीसह चिंचवडला माहेरी राहते. नवऱ्याच्या हातात येणारा पगार सव्वा लाख आहे. रावेतचा फ्लॅट दोघांच्या नावावर, आजची किंमत ८० लाखांच्या आसपास, कर्ज अजून ३८ लाख बाकी, हप्ता ३७,४०० रुपये. नवरा परस्पर संमतीने घटस्फोट मागतो आहे आणि त्याने तीन पर्याय दिले आहेत. एक, एकरकमी ३५ लाख घ्यायचे आणि फ्लॅटवरचा हक्क सोडायचा. दोन, फ्लॅट आणि १५ लाख मला, पण बाकीचे कर्ज मी फेडायचे. तीन, मला आणि मुलीला मिळून दरमहा २५ हजार, ‘फ्लॅटचं नंतर बघू’. घरचे म्हणतात, ३५ लाख घे आणि मोकळी हो. काय करू?

उत्तर: मोकळे व्हायला हरकत नाही, पण सही करण्याआधी ते ३५ लाख सुटे करून बघा. फ्लॅट ८० लाखांचा आणि कर्ज ३८ लाखांचे, म्हणजे फ्लॅटमध्ये दोघांचे मिळून ४२ लाख अडकलेले आहेत. करारनाम्यावर दोघांची नावे आहेत, म्हणून वाटाघाटीची सुरुवात निम्म्यापासून होते आणि तुमचा हिस्सा २१ लाखांचा ठरतो. नवरा ३५ लाख देतो आणि हा हिस्सा काढून घेतो. ३५ मधून २१ गेले, उरले १४. तुमची आयुष्यभराची पोटगी आणि मुलीच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा खर्च मिळून हे १४ लाख आहेत. ७ टक्के व्याजाने ठेवले तर महिन्याला आठ हजारांच्या थोडे वर पडतील. तोच माणूस तिसऱ्या पर्यायात दरमहा २५ हजार द्यायला तयार आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कुठल्या पर्यायात त्याची बचत होते ते दिसते.

मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांना मिळालेला प्रस्ताव असाच असतो: स्वतःच्या मालकीचे पैसे पोटगी म्हणून परत. दर वेळी कुणी मुद्दाम फसवत असतो असे नाही. नवऱ्यालाही प्रामाणिकपणे वाटत असते की हप्ते माझ्या पगारातून गेले, म्हणजे घर माझे. तुमचा नवराही हेच म्हणेल. त्याला उत्तर म्हणून सुरुवातीचा भरणा कुणी केला, तुमच्या माहेरून काही आले होते का, तुमच्या पगारातून घरखर्च आणि शाळेची फी जात होती का, हे बँक स्टेटमेंटवरून काढून ठेवा. आपल्याकडे नवरा-बायकोची मिळकत लग्नामुळे आपोआप निम्मी-निम्मी होत नाही, नाव आणि योगदान बघितले जाते. अपवाद गोव्याचा. तिथे अजूनही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले नियम चालतात आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मिळकत दोघांची सामायिक धरली जाते. तुमचे लग्न गोव्याच्या कायद्याखाली असते तर हा सगळा वाद दोन ओळींत संपला असता. रावेतच्या फ्लॅटला तो नियम नाही, पण करारनाम्यावरचे नाव आहे, आणि ते बरेच बळकट आहे.

आता पोटगी किती मागायची. ठरलेले कोष्टक कायद्यात नाही. कल्याण डे चौधरी खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही पत्नीसाठी योग्य रक्कम ठरू शकते असे म्हटले, आणि तेव्हापासून प्रत्येक वकील हा आकडा तोंडपाठ म्हणतो. पण त्याच निकालात न्यायालयाने नवऱ्याने दुसरे लग्न केले आहे आणि त्याला मूल आहे म्हणून २३ हजारांचे २० हजार केले होते. तेव्हा हा अंदाजाचा खुंटा समजा. तुमच्या बाबतीत २५ टक्के म्हणजे ३१ हजारांच्या थोडे वर. तुम्ही कमावता म्हणून ते खाली येईल, आणि मुलीचा खर्च वेगळा धरला की पुन्हा वर जाईल. दोघींचे मिळून ३५ ते ४० हजारांची मागणी तुमच्या परिस्थितीत अवाजवी नाही. घराच्या हप्त्यापायी हातात काही उरत नाही, हे नवऱ्याचे म्हणणे न्यायालय सहसा फारसे मनावर घेत नाही. पगारातून कापला जाणारा प्राप्तिकर आणि भविष्य निर्वाह निधी वजा होतो, स्वतः ओढवून घेतलेली कर्जे नव्हे. आणि तुम्हाला २८ हजार पगार आहे म्हणून पोटगीच मिळणार नाही, हे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. बायको थोडेफार कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सुनीता कछवाह खटल्यात स्पष्ट केले आहे.

याच्याच जोडीला एक सल्ला सर्रास दिला जातो: नोकरी सोड, पोटगी वाढेल. सोडू नका. पोटगी वाढेल ती फार तर काही हजारांनी. नोकरीतला खंड मात्र चाळिशीत भरून येत नाही, आणि मुद्दाम घरी बसलेली बाई न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही. नवऱ्यांनाही हेच लागू आहे. केस लागली की राजीनामा टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. धडधाकट माणसाने प्रसंगी अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, असे न्यायालये त्यांना सुनावतात.

एकरकमी की दरमहा, हा तुमचा मुख्य प्रश्न. समजा दरमहा २५ हजार २० वर्षे मिळणार आहेत आणि व्याजदर ७ टक्के धरला. त्या सगळ्या रकमेचे आजचे मोल साधारण ३२ लाख होते. आता कागदावर एकच ओळ वाढवा: ‘दरवर्षी ५ टक्के वाढ’. तेच मोल ४७ लाखांवर जाते. एका ओळीचा फरक १५ लाख. आकडा २५ ऐवजी २७ करा म्हणून लोक समुपदेशकांसमोर तासन् तास घासाघीस करतात आणि वाढीची ओळ घालायला विसरतात. वाढ नसेल तर, महागाई ७ टक्क्यांनी चालली असे धरून, दहा वर्षांनी २५ हजारांत आजच्या साडेबारा हजारांचा किराणा येईल. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम वाढवून मागता येते, कायदा तशी सोय देतो, पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा वकील, पुन्हा तारखा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात दरमहा ५० हजार आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ असा आदेश दिला. वाढ हा हट्ट आहे असे समोरचे म्हणाले तर हा आदेश त्यांच्यापुढे ठेवा.

दरमहाची दुसरी बाजूही आहे. तुम्ही पुन्हा लग्न केले तर तुमची मासिक पोटगी थांबवून घेता येते. एकरकमी घेतलेली कुणी परत मागत नाही. नवऱ्याची नोकरी गेली, तो परदेशी गेला, काही बरेवाईट झाले, तर दरमहा येणारे पैसे अडकतात. थकबाकीसाठी न्यायालयात खेटे घालावे लागतात. करमणूक म्हणून सांगते, १५ तारखेपर्यंत पैसे न आल्यावर ‘सर्व्हर डाउन होता’ हे कारण मी सलग दोन वर्षे ऐकले आहे.

कराचे म्हणाल तर एकरकमी पोटगी करमुक्त आणि मासिक पोटगी हे तुमचे उत्पन्न, हा फरक मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या राजकन्या महेश्वरी देवी यांच्या खटल्यात १९८० च्या दशकात केला आणि अजून तोच धरला जातो. एकरकमीच्या बाजूने हा मुद्दा फार रेटला जातो. तुमच्याबाबतीत त्यात दम नाही. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर एप्रिल २०२५ पासून सवलतीमुळे कर शून्य होतो. तुमचा पगार वर्षाला ३ लाख ३६ हजार आणि पोटगी ३ लाख, बेरीज साडेसहा लाखांच्या आत. तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ म्हणून एकरकमी घेऊ नका. फ्लॅटमधल्या हिश्शाचे पैसे घेतले तर ते मात्र पोटगीच्या खात्यात बसत नाहीत. प्राप्तिकराच्या नजरेत तुम्ही तुमचा हिस्सा विकला, आणि भांडवली नफ्याचा हिशेब लागतो. कुठली रक्कम कशाबद्दल आहे ते कागदावर वेगवेगळे लिहा आणि मसुदा पक्का होण्याआधी सीएला दाखवा.

दुसरा पर्याय, म्हणजे फ्लॅट आणि १५ लाख, ऐकायला सर्वांत गोड आणि तुमच्यासाठी सर्वांत धोक्याचा. १५ लाख लगेच कर्जात भरले तरी २३ लाख उरतात. साडेआठ टक्के दर आणि १५ वर्षे धरली तर हप्ता साडेबावीस हजारांच्या वर. २८ हजार पगारावर बँक ते कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर करणार नाही, आणि केले तरी तुम्ही खाणार काय? बँकेला घटस्फोटाच्या डिक्रीशी, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम हुकुमाशी, काही देणेघेणे नसते. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या आहेत तोवर दोघेही पूर्ण कर्जाला जबाबदार. हेच पहिल्या पर्यायालाही लागू आहे आणि तिकडे कुणाचे लक्ष जात नाही: तुम्ही हक्क सोडला, फ्लॅट त्याचा झाला, पण कर्जावर तुमचे नाव तसेच राहिले, तर त्याने हप्ते थकवले की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा स्कोअर, तुमचा खराब होतो आणि वसुलीचा फोन तुम्हाला येतो. वर उद्या तुम्हाला छोटे घर घ्यायचे असेल तर बँक म्हणणार, तुमच्या नावावर आधीच ३८ लाख आहेत.

म्हणून फ्लॅटचा सौदा पोटगीपासून वेगळा करा. एक तर फ्लॅट विका, कर्ज फेडा, उरलेले वाटून घ्या. किंवा तो ठेवत असेल तर त्याने कर्ज स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घ्यावे, बँकेचे तसे पत्र आणावे, तुमचे २१ लाख द्यावेत आणि मग तुम्ही सही करावी. सही कुठल्या दस्तावर, हेही आधी ठरवा. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचे बिनमोबदला बक्षीसपत्र केले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक अधिभाराचे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या). मोबदला घेऊन हक्कसोडपत्र केले तर शुल्क खरेदीखतासारखे बाजारभावाने. ही २०० रुपयांची सवलत नाते असेपर्यंतच, डिक्रीनंतर तुम्ही कायद्याने एकमेकांचे कुणी नसता. पण शुल्क वाचवण्यासाठी पैसे घेऊन ‘बिनमोबदला’ लिहू नका. आणि दस्त कोणताही असो, पैसे हातात येण्याआधी नोंदणी नको. ज्या दिवशी डिमांड ड्राफ्ट, त्याच दिवशी निबंधक कार्यालय.

माझा कौल मिश्र तडजोडीला आहे. फ्लॅटचे २१ लाख तुमचे, ते पोटगीत मोजायचे नाहीत. तुमच्या स्वतःच्या पोटगीची एकरकमी रक्कम घ्या, आकडा जरा खाली आला तरी चालेल, कारण पुन्हा लग्नाचा आणि वसुलीचा दोन्ही प्रश्न मिटतात. मुलीची पोटगी मात्र दरमहा ठेवा, वाढीसकट. मुलांचे खर्च पुढे किती होतील ते आज कुणालाच सांगता येत नाही, आणि दरमहा रक्कम जात राहिली की बापाचेही मुलीत लक्ष राहते असा माझा अनुभव आहे. (उलटे अनुभवही आहेत, पण कमी.) मुलीच्या वतीने ‘पुढे काहीही मागणार नाही’ असे तुम्ही लिहून दिले तरी ते तिला बांधत नाही. पोटगी तिचा स्वतंत्र हक्क आहे. तरीही असे वाक्य मसुद्यात दिसले तर खोडायला लावा, नंतरची हुज्जत वाचते. १८ वर्षांनंतरच्या कॉलेजचे काय, हे आजच लिहून घ्या: प्रवेश शुल्क, वसतिगृह, कोण किती टक्के देणार. अविवाहित हिंदू मुलीला त्यानंतरही बापाकडे खर्च मागता येतो, पण १९ वर्षांच्या मुलीला स्वतःच्या बापाविरुद्ध अर्ज करायला लावू नये.

दरमहाच्या रकमेला तारण हवे. कायम पोटगीचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर चढवता येतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये तशी तरतूद आहे, फार थोडे लोक ती वापरतात. आणखी स्वस्त उपाय म्हणजे नवऱ्याने स्वतःच्या आयुष्यावर टर्म विमा काढायचा आणि तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली मुलीच्या हितासाठी ठेवायचा. त्या पैशांना त्याचे सावकार किंवा पुढची बायको हात लावू शकत नाहीत. हप्ता भरल्याची पावती दरवर्षी तुम्हाला पाठवायची, हेही तडजोडीत लिहा.

आता त्या कागदाबद्दल. कन्सेंट टर्म्सचा, म्हणजे तडजोडीच्या अटींचा, मसुदा बहुतेक वेळा जुन्या केसमधून उचललेला असतो, नावे बदलून. तुमच्या मसुद्यात रक्कम, तारीख, कोणत्या खात्यात, उशीर झाला तर किती व्याज, आणि पैसे आले नाहीत तर पुढे काय, हे सगळे पाहिजे. संमतीच्या घटस्फोटात दुसऱ्या वेळी न्यायाधीशांसमोर उभे राहीपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकते. म्हणून पैसे दोन टप्प्यांत घ्या: काही पहिल्या अर्जाच्या वेळी, बाकी दुसऱ्या वेळी न्यायालयात ड्राफ्टने. ‘डिक्री होऊ दे, मग आरटीजीएस करतो’ हे मान्य करू नका. पहिल्या अर्जानंतर दुसऱ्या वेळेपर्यंत थांबायचे मधले सहा महिने माफ करून घेऊ, असे नवऱ्याचे वकील म्हणतील. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालानंतर ते शक्य आहे, आणि दीड वर्षाच्या वेगळे राहण्यामुळे तुम्ही त्यात बसताही. माझे म्हणणे, घाई त्याला असेल तर ती तुमच्या उपयोगाची आहे. बँकेचे पत्र आणि फ्लॅटचा दस्त होईपर्यंत सूट मागू नका. त्या काळातला तुमचा आणि मुलीचा मासिक खर्चही मसुद्यात घालून घ्या.

आणखी एक कागद टाळा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आम्ही राजीखुशीने वेगळे राहत आहोत’ असे लिहून नोटरी करायची टूम निघाली आहे. त्याने घटस्फोट होत नाही. उलट लग्न टिकून असताना परस्पर संमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, पोटगी मागता येत नाही. उद्या तडजोड फिसकटली तर हाच कागद तुमच्यासमोर येईल.

ती फिसकटू शकते हे धरूनच आजपासून तयारी करा. केस लढवायची वेळ आली तर दोघांनाही मालमत्ता, उत्पन्न आणि खर्चाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. हा नियम रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालाने देशभर लागू झाला, आणि तो खटला आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेला होता. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असेही ठरवले. प्रतिज्ञापत्रात बायका खर्च गोल आकड्यांत लिहितात: किराणा १० हजार, शिक्षण १० हजार, इतर १० हजार. समोरचा वकील ‘इतर म्हणजे काय?’ विचारतो आणि सगळेच पोकळ वाटू लागते. तुम्ही बारा महिन्यांचा तक्ता करा. जूनमधली शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश, दोन वेळा पायांच्या मापाबरोबर बदलणारे बूट, व्हॅन, स्कॉलरशिपचा क्लास, दातांचा डॉक्टर, दिवाळी, मोबाईलचा रिचार्ज, गॅस. वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागून महिन्यात घाला. माहेरी राहता म्हणून भाडे शून्य लिहू नका. तुम्हाला दोघींसाठी घर घ्यावे लागणार आहे आणि त्या भागातले भाडे काय आहे ते दाखवता येते. नवऱ्याच्या बाजूने फॉर्म १६, तीन वर्षांची विवरणपत्रे, कंपनीचे शेअर मिळत असतील तर त्यांची माहिती मागा. तुमच्याकडची भिशी लपवू नका, प्रतिज्ञापत्रावर खोटे निघाले की खरेही खोटे ठरते.

पैशांची घरगुती बाजूही याच महिन्यात आवरा. दुसऱ्या बँकेत फक्त तुमच्या नावाचे खाते उघडा आणि पगार तिकडे वळवा. जोडखाते ‘दोघांपैकी कुणीही’ पद्धतीचे असेल तर तो उद्या सकाळी सगळे काढू शकतो, तुम्हीही. एकतर्फी रिकामे करू नका. बँकेला लेखी कळवून दोघांच्या सहीशिवाय व्यवहार नको असे सांगा. त्याच्या क्रेडिट कार्डावरचे तुमचे जोडकार्ड बंद करा. लॉकर संयुक्त असेल तर दागिन्यांचे फोटो, पावत्या, लग्नाच्या अल्बममधले फोटो एकत्र ठेवा. माहेरचे, सासरचे, आप्तांनी दिलेले, जे तुम्हाला भेट मिळाले ते स्त्रीधन तुमचे, आणि पोटगीच्या रकमेतून त्याची वजावट होत नाही. सासूबाईंकडे ‘ठेवायला’ दिलेले दागिने आजच यादीत लिहा. तिसऱ्या वर्षी लिहायला बसलात तर ग्रॅम आठवत नाहीत.

आरोग्यविमा बहुतेक जणी विसरतात. कंपनीच्या मेडिक्लेममधून डिक्रीनंतर तुमचे नाव जाते, मुलीचे राहू शकते. आधीपासूनच्या आजारांना नव्या पॉलिसीत तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, म्हणून थायरॉईड किंवा मधुमेह असेल तर स्वतःची पॉलिसी आत्ताच काढा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नसते. पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणात महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे.

आणि मग ते पैसे येतात. इथे मी जास्त कडक बोलते. बाईच्या खात्यात वीस-तीस लाख आले की आठवड्याभरात भावाला दुकान वाढवायचे असते, मामाला प्लॉट दिसतो, आणि ओळखीच्या पतसंस्थेचे चेअरमन घरी येऊन साडेदहा टक्के व्याज देतो म्हणतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. दोन-तीन टक्के जास्त व्याजासाठी पोटगी तिथे ठेवू नका. सहा महिन्यांचा खर्च बचत खात्यात आणि छोट्या मुदतठेवीत, बाकीच्या ठेवी दोन-तीन बँकांत वाटून. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत एका नावावर ९ लाख ठेवता येतात, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये हातात पडतात. मुलीच्या उच्च शिक्षणाला ९ वर्षे आहेत, तो हिस्सा मुदतठेवीत न ठेवता दरमहा थोडा थोडा इंडेक्स फंडात टाका आणि बारावीच्या दोन वर्षे आधी बाहेर काढायला लागा. स्वतःचा टर्म विमा घ्या, आता मुलीचे घर तुमच्या पगारावर चालते. पहिले वर्षभर घर विकत घेऊ नका, भाड्याने राहा.

डिक्रीच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढा. पासपोर्ट, शाळा, बँक, सोसायटी, सगळे मूळ प्रत मागतात आणि नकलेसाठी पुन्हा रांग लागते. भविष्य निर्वाह निधी, बँक, म्युच्युअल फंड, विमा, सगळीकडची नामनिर्देशने बदला. विम्याचे नामनिर्देशन विसरू नका: २०१५ पासून पत्नी-पती, आईवडील, मुले नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानली जाते, आणि वेळेवर बदलले नाही की वाद कोर्टात जातो. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचे नावही बघा.

मुलीची मासिक रक्कम थकली तर वाट बघत बसू नका. कलम १४४ खालच्या आदेशाची थकबाकी देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘देतो म्हणालाय’ म्हणून थांबलेल्या बायकांची जुनी थकबाकी या एका मुदतीपायी बुडते. आदेश दिवाणी असेल तर दरखास्त (हुकुमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगारावर जप्ती आणता येते. साध्या कर्जात पगाराचा साधारण एक तृतीयांश भागच जप्त होऊ शकतो, पोटगीच्या हुकुमात दोन तृतीयांशपर्यंत होऊ शकतो. नोकरदार नवऱ्यांच्या कंपनीच्या एचआरला न्यायालयाचे पत्र गेले की पुढच्या महिन्यापासून पैसे वेळेवर येऊ लागतात.

पुढच्या बैठकीला जाताना ३५ लाखांना हो किंवा नाही म्हणू नका. तीन गोष्टी मागा: बँकेकडून आजच्या तारखेचे कर्जबाकीचे पत्र, फ्लॅटचे दोन वेगळ्या एजंटांकडून मूल्यांकन, आणि मुलीची मासिक रक्कम वाढीसकट लिहिलेला मसुदा. हे तीन कागद आले की पहिला पर्याय किती लाखांचा आहे ते त्याच्या वकिलालाही मोजता येईल.